सूर्यमाळेवर मोडलेली काडी

बुधे, जरा थांब. गेलीस ते गेलीस, पण एवढं ऐकून जा. गेले चार दिवस हे माझ्या पोटात मावत नाही, आणि या अख्ख्या जव्हारात सांगावं असं तुझ्याशिवाय मला कोणी नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने म्हणत म्हणत लिहिते आहे. पडवीतच बसले आहे, तुझ्या जागेसमोर. तू टेकायचीस त्या खांबावर तुझ्या डोक्याच्या तेलाचा डाग अजून आहे. कितीदा घासला, गेला नाही. आता घासणार नाही.

यंदा दिवाळी झाली, कार्तिक संपला, तरी तुझा पत्ता नाही. दरवर्षी भात झोडून झालं आणि वर डोंगरात तुमच्या सूर्यमाळेच्या पाड्यावर पाण्याची बोंब सुरू झाली की तू खाली लेकीकडे यायचीस, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी फाट्यांची मोळी घेऊन आमच्या दारात उभी. मी पुस्तक काढून ठेवलं होतं. रोज दुपारी जेवणं आटोपली की मी त्यावरची धूळ पुसायची आणि फाटकाकडे बघत बसायची. पौषात एक दिवस फाटक वाजलं ते मंगळीने वाजवलं. तुझी लेक मोळी न घेता आली, तेव्हाच मी समजले. "आयस गेली, बाय," म्हणाली आणि तुझ्याच जागी बसली. मी आत जाऊन तिला गूळपाणी आणलं आणि त्या गडबडीत तांब्या पाडला. रडू आलं ते तांब्या उचलताना.

आपली ओळख झाली ती भांडणातून, आठवतं? मी कल्याणहून लग्न होऊन आले, इथल्या माणसांची रीत मला कुठली कळायला. तू पहिल्याच दिवशी मला "तुझी फाटी कुठं टाकू गं?" म्हणालीस. जव्हार दरबारच्या मोजणी कामदाराच्या बायकोला अगं-तुगं. मी फणकारले. तू माझ्याकडे नीट पाहिलंस आणि विचारलंस, "तू एकलीच हायेस ना? का अजून कोण हाय तुझ्या आत?" तुमच्याकडे देवालाही तूच म्हणतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मी मोळी परत पाठवली होती. तू दुसऱ्या दिवशी तीच मोळी घेऊन आलीस आणि मुकाट टाकून गेलीस.

पुस्तकाकडे येते. पण त्याआधी जे तुला मी कधीच सांगितलं नाही ते सांगते. नऊ वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मी ह्यांचा कोट उन्हात घालायला काढला. अस्तर उसवलं होतं, म्हणून सुई-दोरा घेऊन बसले, आणि अस्तराच्या आत बोट गेलं तर कागद. बाईच्या अक्षरातलं पत्र होतं, नाशिकचं. दरबारच्या कामाला म्हणून हे वर्षातून चार-पाच वेळा नाशिकला जायचे. पत्रात तक्रार नव्हती, रडणं नव्हतं. "थंडी पडू लागली, गळपट्टा विसरून गेलात, तो धुऊन ठेवला आहे," एवढंच दोन-तीन परींनी लिहिलेलं होतं. त्या गळपट्ट्याने माझं काळीज कापलं. तो मीच विणला होता. पत्र मी जसं होतं तसं घडी घालून आत ठेवलं आणि वरून अस्तर शिवून टाकलं. कोणाला बोलले नाही. लेक तेव्हा लग्नाची होती. कोणाशी काय बोलणार?

तोंडाने बोलता येईना तेव्हा मला वडिलांची ती कादंबरी आठवली. आमच्या लहानपणी ते पुस्तक घरोघर होतं. वडील म्हणायचे, संसारावर याच्यासारखा मोठा ग्रंथ झाला नाही. मी माहेरच्या ट्रंकेतून ते मागवून घेतलं. कव्हर गेलेलं, नावाचं पान कसरीने खाल्लेलं, आणि शेवटची पानं वाळवीने. कोणी लिहिलं, मूळ कुठल्या मुलखाचं, काही पत्ता नाही. मराठी करणाऱ्याने नावं आपली घातली होती, नायिका कमलिनी आणि तिचा नवरा चंद्रसेन, पण बाकीचं बदलायला विसरला होता. त्यामुळे आमची कमलिनी नऊवारी नेसून हातमोजे घालायची आणि बर्फातून देवळात जायची.

तू त्या हातमोज्यांवर किती दिवस अडून बसलीस. "हाताना कजाला कापड? हातानं काय करत नाय का ती?" मी म्हणाले, मोठ्या घरची आहे. "म्हंजे करत नाय," तू म्हणालीस आणि कमलिनीची कमळी करून टाकलीस. पहिल्या दिवशी तू फक्त पाणी प्यायला टेकली होतीस. मी स्वतःशीच मोठ्याने वाचत होते. पाणी पिऊन झालं तरी तू उठेनास. दुसऱ्या दिवशी आलीस आणि विचारलंस, "ती गोठ काल कुठवर आलेली?"

गोठ. तुमच्या बोलीतला हा शब्द मला तेव्हा फार गोड वाटला. मला वाटलं, गोठ म्हणजे आपली गोष्ट, राजाराणीची असते तशी. पंचापुढे जे नेतात, ज्याचा निवाडा करतात, तीही गोठच, हे माझ्या लक्षात यायला नऊ वर्षं आणि तुझं मरण लागलं.

किती वाचलं आपण. रोज दोन पानं, तीन पानं. चंद्रसेनाचं दुसऱ्या गावी दुसरं घर. कमलिनीला ते कळतं, पण ती चकार शब्द काढत नाही. घरात पाहुणे येतात, मेजवान्या होतात, ती सगळ्यांना वाढते आणि हसते. इकडे दर गुरुवारी गिरिधर नावाचा तिचा जुना ओळखीचा गृहस्थ भेटीला येतो. गुरुवार आला की मी दोन पानं एकदम उलटायची. तुझ्यासमोर ते वाचायची मला लाज वाटायची. "मधलं काय झालं?" तू विचारायचीस. मी म्हणायची, काही नाही, हवापाण्याचं आहे. मग एकदा तू म्हणालीस, "दर गुरवारी हवापाणी होतं व्हय त्या गावाला?" मी तोंडाला पदर लावून इतकी हसले की हे आतून बघायला आले.

आणि तो पत्राचा भाग. बुधे, मला वाटलं होतं मी तुला चकवलं. कमलिनीला नवऱ्याच्या कपाटात पत्र सापडतं, ते पुस्तकात सबंध छापलं आहे, मोठं लांबलचक, त्यात चंद्र आहे, शपथा आहेत. मी ते वाचायला घेतलं आणि माझ्या तोंडून दुसरंच निघालं. "थंडी पडू लागली, गळपट्टा विसरून गेलात." थांबताच येईना. शेवटपर्यंत म्हटलं, पाठ होतं ते. मग पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले. तुझ्या कंबरेची तंबाखूची पिशवी सोडलीस, बांधलीस, पुन्हा सोडलीस. उठताना म्हणालीस, "आजची गोठ बेस वाचलीस." मला वाटलं, तुला अक्षर ओळखता येत नाही, तुला काय कळणार. माझ्यासारखी मूर्ख बाई मीच.

मग आपलं भांडण सुरू झालं, ते नऊ हिवाळे मिटलं नाही. तुझं एकच म्हणणं: "कमळी त्येला इचारत कजाला नाय?" मी सांगायची, अगं तिची अब्रू आहे, घर आहे, लोक काय म्हणतील. तू म्हणायचीस, "लोक जेवून जातात. घरात तिला ऱ्हायाचं हाय." मी म्हणायची, विचारलं आणि तो म्हणाला की हो, आहे माझं दुसरं घर, तर? तू खांद्यावरचं फडकं झटकायचीस. "तर काडी मोडायची. त्येला काय लागतं? गवताची काडी. तुमच्याकडं गवत नाय का?"

तुमच्यातली ती रीत तूच मला समजावलीस. बाईला राहायचं नसलं, बाप्याला ठेवायची नसली, की पंच बसतात, दोघं काडीची दोन टोकं धरतात आणि मोडतात. झालं. ती मोकळी, तो मोकळा. कोणी विहिरीत जात नाही की कोणी वर्षानुवर्षं आतल्या आत कुढत नाही. मी तुला सांगायची, आमच्यात काडीमोड नसते. आमच्यात सात जन्मांची गाठ असते. "सात?" तू बोटं मोजलीस. "आणि कमळीचा हा कितवा?"

शेवटाची पानं नव्हती, म्हणून शेवटाचंही भांडण. मी म्हणायची, कमलिनी मरते आणि मरताना मनातलं मनातच घेऊन जाते, मोठ्या पुस्तकांचे शेवट तसेच असतात. तू चिडायचीस. "मरते कशी? तिला काय रोग हाय? तू मारतीस तिला." एका वर्षी तर तू चार दिवस आली नाहीस. पाचव्या दिवशी आलीस ती मोळी टाकून उभी राहूनच बोललीस, "आज ती जित्ती असंल तर बसते."

आता ते दुसरं वर्ष. त्या दिवाळीनंतर तू खाली आलीस तेव्हा तुझ्या कनवटीला पळसाचं पान होतं, दोऱ्याने बांधलेलं. सोडून माझ्या हातावर ठेवलंस. आत काडीचे दोन तुकडे होते. "कमळीची काडी मोडली," तू म्हणालीस. "पावसात पंच बसले. मी गोठ सांगितली, पुरी. पाड्याचा कारभारी बोल्ला, बाय मोकळी."

बुधे, मी काय केलं? मी हसले. गडाबडा हसले. कादंबरीतल्या बाईची काडीमोड! मी तुला समजावू लागले की अगं, ही बाई नाहीच कुठे, ती कागदावर आहे, कोणीतरी मनाने रचली आहे. तू ऐकून घेतलंस. माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, रागावली नाहीस. "हसलीस ना," म्हणालीस, "बेस झालं. मागल्या सालाला हसत नव्हतीस. पण काडी टाकू नको. ठेव." मी ते तुकडे पुस्तकात घातले, पत्राच्या पानात. वर तोंड करून विचारलंही, "आणि चंद्रसेनाचं टोक कोणी धरलं गं?" तू म्हणालीस, "कारभाऱ्यानं."

ती कथा मी किती जणींना सांगितली. दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला आग्रह व्हायचा, "ते पाड्यावरचं सांगा ना." मी तुझा आवाज काढून सांगायची. बायका डोळे पुसायच्या हसून हसून. तू फाटकातून येताना दिसलीस की एकमेकींना कोपर मारायच्या. हे तुला ठाऊक होतं का? असणारच. त्याची लाज मला आज वाटते, आणि ती सांगायला तू नाहीस.

गेल्या ज्येष्ठात वर निघालीस, तेव्हा तुझा श्वास लागत होता. तू फाटकापर्यंत गेलीस आणि परत आलीस. "कमळीला सांग, म्हातारी बोल्ली, आता तरी इचार म्हणावं." मी म्हणाले, सांगते. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. तेही मी पापड वाळत घालता घालता केलं.

म्हणून मी तुझ्या दिवसकार्याला आले. ह्यांना सांगितलं, मी मंगळीबरोबर सूर्यमाळेला जाते. हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "कशाला? ती इंग्रजी हद्द आहे." ह्यांना सगळीकडे हद्द दिसते. सबंध आयुष्य दरबारच्या सीमेचे दगड मोजण्यात गेलेलं. मी म्हणाले, हद्द असू दे, माझी मैत्रीण वारली आहे. तो शब्द मी पहिल्यांदाच तोंडातून काढला. मोखाड्यापर्यंत गाडी, एक मुक्काम, पुढे खोडाळ्याची वाट आणि मग चढ. पाय सुजले माझे. तू तुझ्या वयात हा चढ दरसाल उतरायचीस-चढायचीस, आणि मी तुला विचारायची, आज उशीर का झाला?

तुझ्या पाड्यावर पोचले तर बायका अंगणात जमल्या होत्या. मला पाहून एक दुसरीला म्हणाली, "मोकळी बाय आली." मग तिसरी आतून बाहेर येऊन, "कोण? मोकळी बाय?" मला वाटलं, मी रिकाम्या हाताने आले म्हणून. शरमले. पिशवीतून घाईघाईने नारळ, साखर काढली. तर त्या आणखीच हसतमुखाने म्हणाल्या, बस, मोकळे बाय, बस. मला पाटावर बसवलं, नाचणीची भाकर दिली. एक म्हातारी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बोटाने उचलून बघत होती. "हे अजून घालतीस?" मी म्हणाले, का घालू नये? ती म्हणाली, "घाल की. बेस दिसतं."

तुझे विधी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा कारभारी माझ्याशेजारी येऊन बसला. वाकलेला, एक डोळा गेलेला म्हातारा. चिलीम भरली, पेटवली. मग म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं टोक मी धरलेलं, बाय."

मला कळेना. म्हटलं, कुठलं टोक?

"काडीचं. आठ पावसाळं झालं. बुधीनं तुझी बाजू धरली. ती बोल्ली, बाय मोठ्या घरची हाय, तिला पंचापुढं येता येत नाय. ती रोज आपली गोठ सांगती, पण दुसरीच्या नावानं सांगती. लाजती. आम्ही बोललो, आमच्या जातीची नाय ती, आम्ही कसा निवाडा करायचा? बुधी बोल्ली, जातीची नाय, माझी हाय. मग आम्ही बसलो."

मी मंगळीकडे पाहिलं. मंगळी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "आयसला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तू ते कागद वाचलंस ना, गळपट्ट्याचं, तवा तुझं डोळं पानावर नव्हतं. भिंतीला व्हतं. आयस घरी येऊन बोल्ली, बाय पुस्तक वाचत नाय, स्वतःला वाचती."

बुधे, अक्षर न ओळखणारी बाई तू. अक्षर ओळखणाऱ्यांच्या घरात मी नऊ वर्षं राहिले, एकानेही माझे डोळे कुठे आहेत ते पाहिलं नाही. मी हळदीकुंकवात तुझी नक्कल करत होते, आणि तू डोंगरावर चार म्हाताऱ्यांना पावसात जमवून माझ्यासाठी भांडत होतीस. कमळी कागदावरची आहे हे तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. जिला हातमोजे घालून पाणीही काढता येत नाही, ती बाई खरी नाही, एवढं तुला कळणार नव्हतं?

आधी मला फार राग आला, खोटं कशाला बोलू. माझं झाकलेलं सगळं एका डोंगरावरच्या पोराबाळांनाही ठाऊक. मग कारभाऱ्याने चिलीम खाली ठेवली आणि विचारलं, "तो कवा आलाच नाय गं इचाराय?"

"कोण?"

"तुझा नवरा. काडी मोडल्यावर बाय मोकळी. तिला पाठी न्यायची तर बाप्यानं यायला लागतं. पंचापुढं इचाराय लागतं, येतीस का म्हणून. बायनं हो बोललं तर हो. आम्ही वाट बघली. बुधी दरसाल वर आली की आम्ही इचारायचो, आला का तो? ती बोलायची, नाय."

आणि मग मला हसू फुटलं. त्या पाड्यावर, तुझ्या दिवसाला आलेली मी, हसत सुटले. आठ वर्षं, बुधे! आठ वर्षं मी मोकळी होते. मी ह्यांचे डबे भरले, गळपट्टे विणले, नाशिकला निघताना हातावर दही घातलं, ते सगळं मोकळ्या बाईने केलं. रडले कधी, हसले कधी, ते मला वेगळं काढता येईना. तुझी नातसून घाबरून पाणी घेऊन आली. खाली उतरताना सुजलेल्या पायांनी मी मंगळीच्या पुढे चालत होते.

घरी पोचले तेव्हा सकाळचे दहा-अकरा झाले असतील. हे टेबलावर हद्दीचा नकाशा पसरून बसले होते. "आलीस? चहा टाक," म्हणाले. मी पाय धुतले. पुस्तक काढलं, पत्राचं पान उघडलं, आणि काडीचे दोन तुकडे नकाशावर ठेवले. वीस वर्षं डोंगरात फिरलेला माणूस, काडी ओळखली त्यांनी.

"ही कोणाची?"

मी तोंड उघडलं, आणि बुधे, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, उखाणा सोडला तर जे नाव मी कधी उच्चारलं नव्हतं ते घेतलं. काडी मोडलेल्या बाईला नाव घ्यायला कसली अडचण? म्हटलं, "आपली, वामनराव."

ते उभे राहिले. नावानेच उठले बहुतेक, काडीने नाही. मग मोजणीवाल्याने विचारावं तेच विचारलं, "कुठे?"

"सूर्यमाळेला. आठ वर्षं झाली."

"ती दरबारच्या हद्दीत नाही."

"नाही. म्हणून दरबारलाही काही करता येणार नाही."

ते पुन्हा बसले. तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले. खाली ठेवत म्हणाले, "नाशिकचं... तुला कधीपासून माहीत आहे?"

"नऊ वर्षं. अस्तर मीच शिवलं."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

मग ते खिडकीबाहेर बघत बोलले. ती आता नाही, दोन वर्षं झाली, म्हणाले. आणि मला दोन वर्षांपूर्वीचा माघ आठवला. हे नाशिकहून आले आणि आठ दिवस अंथरुणात होते. मी काढे दिले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तो ताप नव्हता, बुधे. माझ्याच घरात एक माणूस कोणाचं तरी सुतक एकटा पाळत होता, आणि मी त्याला काढा पाजत होते. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचा राग आला. तिचीही आली. तिने तो गळपट्टा धुऊन ठेवला होता.

"मग आठ वर्षं राहिलीस कशी इथे?" त्यांनी विचारलं.

"मर्जीने," मी म्हणाले. काडीचं मला आदल्याच दिवशी कळलं होतं, हे मी सांगितलं नाही. ते तुझ्यामाझ्यात राहू दे. पण म्हटल्यावर मला वाटलं, हे अगदीच खोटं नाही.

"आणि आता?"

मी त्यांना सांगितलं, कारभाऱ्याने काय सांगितलं ते. पंचापुढे यावं लागेल. विचारावं लागेल. ते म्हणाले, "मी? तिथे? त्या लोकांपुढे?" मी म्हणाले, त्या लोकांपैकी एकाने आठ वर्षं तुमचं टोक धरलं आहे, निदान त्याचे हात मोकळे करा. आणि चहा टाकायला आत गेले. एकच कप टाकला, माझा.

दोन दिवस हे नकाशाच घेऊन बसले. काल सकाळी मंगळी फाट्या घेऊन आली तर तिला विचारत होते, खोडाळ्याहून वर वाट कुठून फुटते. हद्दीचा प्रत्येक दगड ज्यांच्या हातचा, त्यांना त्या शेवटच्या दगडापलीकडची वाट माहीत नव्हती. आज पहाटे निघाले. कोट खुंटीवरच ठेवून गेले. दारात थांबून म्हणाले, "तिथे काय म्हणायचं असतं?" मी म्हणाले, "मला काय ठाऊक? मी कधी कोणाला विचारलेलंच नाही."

बुधे, बघ, तू इतकी वर्षं त्या कमळीच्या मागे लागलीस, इचार, इचार. आता विचारायला हे निघाले आहेत. तुमच्या कारभाऱ्याच्या अंगणात उभे राहतील, आणि सगळा पाडा बघायला येईल. मी काय उत्तर देणार? अजून ठरलेलं नाही. खरंच नाही. हो म्हणायचं मनात येतं, नाही म्हणायचंही येतं, आणि दोन्ही माझ्याच हातात आहेत याचीच मला इतकी मजा वाटते आहे की सकाळपासून दोनदा मीठ विसरले. पुस्तकाच्या शेवटच्या पानांचीही आज आठवण झाली नव्हती, आत्ता लिहिताना झाली.

एकच गोष्ट सलते. मी पाड्यावरून निघताना कारभारी म्हणाला होता, "तो आला तर त्येची बाजू तो धरंल. पण तुझी? बुधी तर नाय आता."

फाटकाशी मला मोखाड्याला न्यायला गाडी आली आहे. मंगळी हाका मारते आहे. पुस्तक इथेच ठेवते, तुझ्या खांबाशी. तुकडे दोन्ही पदराला बांधले आहेत. माझं टोक आठ वर्षं तू धरलंस, बुधे. आता सोड. मी धरते.